बाजरीची मावसबहीण

धाराशिव जिल्ह्यातील माणसाचे गवताशी नाते कसे आहे, हे त्याच्या पायाखाली कोणती माती आहे यावरून ठरते. तेरणा आणि मांजरा यांच्या काठच्या काळ्याभोर, खोल जमिनीत ज्याचे खाते आहे, त्याला गवत म्हणजे पिढीजात वैरी. हराळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावे तो अजूनही घरातल्या जुन्या भांडणाची नावे घ्यावीत तशा स्वरात घेतो, आणि ऐन वैशाखात कुदळी घेऊन हातभर खोल खणून कुंद्याची मुळे उपसणाऱ्या टोळ्यांची हकिकत त्याच्या घरात आजोबांच्या कर्तृत्वाची हकिकत म्हणून सांगितली जाते. उलट भूम, परंडा, वाशी या बाजूच्या मुरमाड बरडावर किंवा बालाघाटाच्या उतरणीवर ज्याची वस्ती आहे, त्याचा सगळा संसार गवतावर चालतो. पाऊस पडला की नाही हे तो आकाशाकडे पाहून सांगत नाही, माळाकडे पाहून सांगतो. उस्मानाबादी शेळीने या जिल्ह्याचे जुने नाव देशभर नेले, ती याच माळावर वाढली. १९७२च्या दुष्काळाची आठवण काढताना म्हातारी माणसे धान्याआधी चाऱ्याची गोष्ट सांगतात, आणि त्यानंतरच्या दुष्काळांत उभ्या राहिलेल्या चारा-छावण्या तर आजच्या तरुणांनीही पाहिल्या आहेत. एकाला गवत उपटायचे असते, दुसऱ्याला ते राखायचे असते. परंतु केवळ डोळ्यांच्या सुखासाठी, अंगणात आळे करून, पाणी घालून गवत लावावे, ही कल्पना मात्र दोघांनाही सारखीच अपरिचित आहे.

आमच्या अंगणात ती आली पुणे-सोलापूर रस्त्यावरून. सोरतापवाडीच्या परिसरात रस्त्याच्या दुतर्फा ज्या रोपवाटिका आहेत, त्यांतील एकीत गुलाब आणि क्रोटन यांच्या रांगांपलीकडे, कोपऱ्यातल्या काळ्या पिशव्यांत, तपकिरी-जांभळ्या रंगाच्या अरुंद पात्यांचे काही ठोंब उभे होते, आणि वाऱ्याची झुळूक आली की सारे एकदम एका बाजूला झुकून पुन्हा सरळ होत होते. बागवानीच्या व्यवहारात त्याला फाउंटन ग्रास म्हणतात. बुंध्याशी दाट, मध्ये उभे आणि टोकाशी चोहोबाजूंनी खाली वळलेले, अशी त्याची ठेवण; आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्या वळणाच्याही वर, बारीक देठांवर, वीत-दीड वीत लांबीचे मऊ तुरे येतात, ते गाईच्या शेपटीच्या गोंड्यासारखे हलके आणि किंचित खाली कललेले असतात. ज्या गावात नळाचे पाणी उजनीहून मोठ्या प्रयासाने आणावे लागते, तेथे घरापुढे जलयंत्र बांधण्याचा विचार कोणी करीत नाही; परंतु पाण्याच्या उसळत्या धारेचे जे वळण डोळ्यांना निववते, ते वळण एखाद्या वनस्पतीने बादलीभर सांडपाण्यावर उभे करावे, यात मला एक प्रकारचे औदार्य दिसते.

भाद्रपदातल्या एखाद्या सकाळी, ऊन तिरपे असताना, हा तुरा हातात धरून पाहावा. दुरून जे एकसंध मखमली शेपूट वाटते ते जवळून पाहता शेकडो लहान लहान कणिशकांचे बनलेले असते; प्रत्येक कणिशकाभोवती केसरांचे एक वेटोळे असते, ते केसर सारख्या लांबीचे नसतात, आणि त्यांतला एक बाकीच्यांहून स्पष्टपणे लांब असून बाहेर झेपावलेला असतो. तुऱ्याला प्रकाशाची जी कड दिसते ती या लांब केसरांमुळे. केसरांच्या बुडाशी आणखी बारीक रोम असतात आणि दवाचा थेंब तेथे अडकून राहतो. तुरा हलकेच झटकला तर थेंब न पडता केसरावरून केसरावर घरंगळत जातो. कोवळेपणी हे सारे डाळिंबी रंगाचे असते, पुढे फिकट गुलाबी होते, आणि आश्विन सरता सरता वाळक्या कडब्याचा रंग त्यावर येतो. झुडपाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन मिळाले तर पात्यांचा जांभळा रंग गडद राहतो. भिंतीच्या सावलीत तेच झुडूप हिरवट पडते आणि तुरेही कमी धरते. आमच्याकडे उन्हाला तोटा नाही. थंड प्रदेशात हेच गवत हिमतुषाराने मरते म्हणून तेथील लोक त्याला एका हंगामापुरते लावतात. बालाघाटाच्या या पठारावर मात्र ते वर्षानुवर्षे टिकते.

शेजारच्या प्लॉटवर खुरपणीला आलेल्या एक वयस्क मावशी कुंपणापाशी थांबल्या, बराच वेळ त्या तुऱ्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “ही तर बाजरीच की! पर दाना कुठं गेला वं हिचा?” त्यांच्या घरी परंड्याकडे पूर्वी बाजरी होत असे. बाजरीला गोसावी रोग पडला की कणसाचा दाणा जाऊन त्याचा पाल्याचा झुबका होतो, तसे काही या झाडाला झाले असावे, असा त्यांचा तर्क होता, आणि त्यांनी मला बियाणे बदलण्याचा सल्ला दिला.

वनस्पतिशास्त्र ज्या निष्कर्षाला पुष्कळ खटपटीनंतर आले, त्याच्या अगदी जवळ त्या मावशी केवळ नजरेने पोहोचल्या होत्या. बाजरी आणि फाउंटन ग्रास एकाच प्रजातीतल्या, पेनिसेटम या कुळशाखेतल्या; आणि २०१० नंतर शास्त्रज्ञांनी त्या शाखेचा सेंक्रस या दुसऱ्या शाखेत समावेश करावयास घेतला तेव्हा आमच्या माळावरचे अंजन गवतही त्याच घरातले ठरले. जनावरांसाठी विहिरीच्या पाटाकडेला लावले जाणारे हत्तीगवत याच गोतातले, आणि त्याचा बाजरीशी संकर करून काढलेले संकरित नेपियर, जे आज दुधाच्या धंद्याचा आधार झाले आहे, तेही याच गोतातले. अंगणात परदेशी पाहुणी म्हणून जिला आणली ती आपल्या भाकरीची मावसबहीण निघाली. हे समजल्यापासून तिच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

दोघी बहिणींत भेद कोठे पडला, हे पाहण्यासारखे आहे. रानटी गवताचा सारा जन्म बी सोडून देण्यासाठी असतो; पिकले की कणिशक देठापासून सुटते, केसरांच्या वेटोळ्यासह वाऱ्यावर तरंगते आणि जेथे पडेल तेथे आपली वसाहत करते. फाउंटन ग्रासने तो धर्म सोडलेला नाही. वाळत आलेला तुरा मुठीत धरून वर ओढला की तळहातावर सगळा तुरा उतरतो आणि मागे केवळ एक काडी उरते. बाजरीने मात्र, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, माणसाच्या हाती आल्यावर हा धर्म सोडला. ज्या कणसाचा दाणा गळला नाही तेच कणीस माणसाने घरी नेले, तेच पुन्हा पेरले, आणि अशा निवडीच्या शेकडो पिढ्यांनंतर दाण्याने कणसाला धरून राहणे हाच बाजरीचा स्वभाव झाला. दाणा फुगून केसरांच्या बाहेर आला, केसर आखूड होऊन दाण्यांच्या बुडाशी दडले, आणि ते वनस्पतीचे पीक झाले. बाजरीचे मळलेले कणीस उन्हात धरून पाहिले तर त्या केसरांचे खुंट अजून दिसतात. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, सारे गणगोत रानात जाते. कडब्याची कोप उभी करून तिच्यात पांडव मांडतात, त्यांच्यापुढे आंबिलीचे मडके, भज्जी आणि बाजरीचे उंडे ठेवतात, आणि मग बांधावर पंगत बसते. त्या दिवशी डोक्यावर ज्वारीच्या ताटांचे छप्पर असते, हातात बाजरीचा उंडा असतो आणि पंगतीखाली बांधावरचे मारवेल असते. मनुष्य किती प्रकारे गवताच्या आश्रयाने राहतो, हे त्या दिवशी जेवता जेवता कळते.

बाजरीच्या नशिबी परदेशात शोभेचे पद आले आणि तिच्या जुन्या मुलखात ती मागे हटली, ही गोष्ट मला बोचते. जांभळ्या पानांची आणि जांभळ्या कणसांची ‘पर्पल मॅजेस्टी’ नावाची बाजरीची जात अमेरिकेत निघाली आणि २००३ साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या संस्थेने तिला सुवर्णपदक दिले; तेथील बागांत ती फुलझाडांच्या ताटव्यामध्ये मानाने उभी असते. इकडे आमच्या जिल्ह्यात खरिपाचा बहुतेक मुलूख सोयाबीनने व्यापला आहे. त्याला बाजारभावाची, नगदी पैशाची सबळ कारणे आहेत आणि शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार मला नाही. तरीही संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा ज्या शाळांतून त्यानिमित्त भाषणे झाली, तेथील कित्येक मुलांनी उभ्या बाजरीचे शेत पाहिले नसेल, ही शंका माझ्या मनातून जात नाही. ज्याच्या अंगणात चार हात जागा आहे त्याने तेथे फाउंटन ग्रासच्या शेजारी बाजरीची एक ओळ टोकावी. दोघींचे तुरे एकाच वेळी निसवतात, आणि मुलांना त्यांतले साम्य दाखवून द्यावे लागत नाही.

ही मावसबहीण मूळची उत्तर व पूर्व आफ्रिकेची आणि अरबस्तानची, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दोन्ही तटांची. आमच्या तेरचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तगराहून कापड भडोचच्या बंदरी जात असे, असा उल्लेख आहे, आणि भडोचची गलबते त्याच तांबड्या समुद्राच्या वाटेने मिसरकडे जात. त्या किनाऱ्यावरचे काही इकडे यावे आणि इकडचे तिकडे जावे, याला दोन हजार वर्षांची वहिवाट आहे. परके म्हणून एखाद्या रोपाला दारातून परत पाठवावे, या मताचा मी नाही. मिरची परकी, भुईमूग परका, सीताफळ परके, आणि यांच्यावाचून बालाघाटाचे जेवण आणि बालाघाटाचे रान यांची कल्पनाही करवत नाही.

परंतु पाहुण्याचा इतिहास माहीत असावा. विसाव्या शतकाच्या आरंभी हे गवत शोभेसाठी हवाई बेटांवर नेले गेले, आणि तेथील कोरड्या बाजूला, थिजलेल्या लाव्ह्याच्या ज्या ओसाड मैदानावर दुसरे काही रुजत नव्हते, तेथेही ते पसरले. बी धरण्यासाठी त्याला परागसिंचनाची गरज लागत नाही. एकटे झुडूपही वाऱ्यावर हजारो बिया सोडू शकते. कोवळेपण गेले की जनावरे त्याला फारसे तोंड लावीत नाहीत, म्हणून चराईने त्याला आळा बसत नाही. वाळले की ते सरपणासारखे पेटते, आगीत भोवतालची देशी झुडपे मरतात, आणि हे मात्र बुडापासून पुन्हा फुटते. मग पुढच्या आगीसाठी आणखी सरपण तयार होते. अॅरिझोनाच्या वाळवंटात, कॅनरी बेटांवर, दक्षिण आफ्रिकेत हाच क्रम कमी-अधिक प्रमाणात घडला, आणि २०१७ साली युरोपीय संघाने त्याला उपद्रवी परकीय जातींच्या यादीत घालून त्याची विक्री आणि लागवड यांस मनाई केली.

हा मजकूर वाचून कोणी म्हणेल, धाराशिवचा हवाई बेटांशी काय संबंध? संबंध आहे, आणि निकटचा आहे. येडशीचे रामलिंगघाट अभयारण्य, तुळजापूरचे डोंगर, नळदुर्गाभोवतीचे माळ हे सारे फाल्गुन-चैत्रात वाळक्या गवताने भरलेले असतात, आणि तेथे वणवा ही नवलाची गोष्ट नाही. लाव्ह्याचाच दगड, कोरडे ऊन, उतार आणि वारा: ज्या परिस्थितीत हे गवत तेथे माजले तीच परिस्थिती निसर्गाने येथे मांडून ठेवली आहे. येथे मारवेलाच्या जागी हे शिरले तर आमच्या शेळ्यांनी आणि गाईंनी काय खावे?

म्हणून यात एक भेद काटेकोरपणे पाळावयास हवा. हिरव्या पानांचे, पांढरट-गुलाबी तुऱ्यांचे जे फाउंटन ग्रास मिळते ते भरपूर बी धरते. माळाच्या, ओढ्याच्या किंवा डोंगराच्या शेजारी ज्याचे घर आहे त्याने ते लावू नये, आणि लावलेले असेल तर तुरे पिकण्यापूर्वी विळ्याने छाटून टाकावेत. जांभळ्या पानांची, रुब्रम या नावाने विकली जाणारी जात मात्र बी जवळजवळ धरीतच नाही. तिची वाढ ठोंब फोडून करावी लागते, आणि ज्याची वाढ माणसाच्या हाताशिवाय होत नाही ते रोप हद्द ओलांडून जात नाही. आमच्या अंगणात आहे ती हीच.

तिची मशागत थोडी आहे. काळ्या चिकण मातीत पाणी तुंबले की भाद्रपदाच्या झडीत मुळे कुजतात, म्हणून आळ्यात निम्मा मुरूम मिसळावा. दोन ठोंबांत दोन-अडीच फुटांचे अंतर राखावे, कारण तुऱ्यांचे वळण मोकळ्या जागेशिवाय दिसत नाही. शेणखत ओंजळभरच घालावे, अधिक घातले तर पाती लुसलुशीत होऊन लोळतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी लागते, पुढे धुण्याभांड्याचे पुरते. होळीच्या सुमारास सारे झुडूप वीतभर राखून कापावे, म्हणजे चैत्रात बुडातून नवी पाती येतात. आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की ठोंब उपटून खुरप्याने त्याचे दोन-तीन भाग करून शेजाऱ्यांना द्यावेत. कुंडीत लावावयाचे असेल तर कुंडी रुंद असावी आणि तिच्या बुडाचे भोक उघडे असावे. मनोल्यांची जोडपी तुऱ्यांवर येऊन बसतात, त्यांच्या भाराने देठ जमिनीपर्यंत वाकतो, आणि चोचीत एकेक मऊ तुकडा घेऊन ती घरट्याकडे जातात. म्हणून श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे कात्री बंद असते.

या परदेशी मावसबहिणीने माझ्यावर जो खरा उपकार केला तो निराळाच आहे. तिच्याकडे बारकाईने पाहण्याची सवय लागल्यावर माळाकडेही तसेच पाहता येऊ लागले. मोजणीच्या दफ्तरात ज्या जमिनीची नोंद पोटखराबा किंवा गायरान अशी दोन शब्दांत संपते, त्या जमिनीवर कार्तिकात उभे राहावे. मारवेलाच्या बारीक देठावर प्रत्येक पेऱ्याला पांढऱ्या रोमांचे एक कडे असते, जणू कोणी हाताने बांधले आहे इतके नेमके, आणि टोकाला चार-पाच बोटांसारखे जांभळट तुरे फुटतात. कुसळी गवत सुरुवातीला कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण दिवाळीनंतर सारा उतार तांब्याच्या रंगाचा होतो तो तिच्यामुळे. तिची लांब काळसर कुसळे एकमेकांत पिळून गुंततात, आणि सुटे कुसळ ओल्या तळहातावर ठेवले तर ते आपोआप गोल फिरू लागते, कारण ओल लागली की त्याचा पीळ सुटतो. याच फिरण्याने ते बी जमिनीत स्वतःला रुतवून घेते, आणि याच फिरण्याने मेंढरांच्या लोकरीत शिरून त्यांना हैराण करते. धनगर कुसळीचा माळ पिकण्यापूर्वीच चारून घेतो ते यासाठी. पवन्याचा सडसडीत तुरा वाऱ्याच्या दिशेने वळलेला असतो. अंजनाचा तुरा म्हणजे फाउंटन ग्रासचीच लहान, सावळी प्रतिकृती. रोहिषाचे पान चुरडले तर हाताला दिवसभर सुगंध राहतो. यांतील एकाही गवतावर कोणी किंमतीची चिठ्ठी लावलेली नाही, आणि म्हणून कोणी त्यांना बागेत बोलावले नाही.

मी बोलावले. आमच्या जुन्या बांधावरून मृगात आणलेले मारवेलाचे ठोंब आता त्या जांभळ्या झुडपापुढे पसरले आहेत. अंजन कुंपणाच्या कडेला मुरमात आहे. शोभेच्या दृष्टीने कोण सरस, असे विचारल्यास माझा कौल स्वच्छ आहे: भाद्रपदात जांभळी पुढे असते, कार्तिकात मारवेल आणि अंजन तिला मागे टाकतात, आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून तग धरण्यात अंजनाची बरोबरी कोणीच करीत नाही.

दुःख आहे ते बांधांचे. यंत्राने कोरले जाऊन बांध अरुंद होत आहेत, आणि उरलेल्या बांधावर पिकाबरोबर तणनाशकाची फवारणी होते. मारवेल आणि पवन्या कुंद्यासोबतच करपून जातात, आणि त्यांच्या जागी पुढच्या पावसात येते ते जनावर न खाणारे गाजरगवत. गायरानांवरची अतिक्रमणे, पवनचक्क्यांचे रस्ते, नवे प्लॉट यांनी माळही आक्रसत चालला आहे. तेव्हा ज्याच्याकडे शेत आहे त्याला माझे एवढेच सांगणे आहे, की बांधावर तणनाशक मारू नका, आणि बांधावरचे मारवेल कार्तिक संपून त्याचे बी जमिनीवर पडेपर्यंत कापू नका; आणि ज्याच्याकडे शेत नाही, केवळ अंगण आहे, त्याने येत्या मृगात जांभळ्या फाउंटन ग्रासची एक कुंडी अवश्य आणावी, पण तिच्या शेजारचे आळे एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून मागून आणलेल्या मारवेलाच्या ठोंबासाठी राखून ठेवावे.